वन्सं, मला विचारायला हवं होतं

मी हो म्हटलं असतं, वन्सं.

हे वाक्य मी तुम्हाला एकदाच म्हणाले होते, परसात भांडी घासताना. त्यावर तुम्ही जे उत्तर दिलंत ते मला अजून पचलेलं नाही. नंतर पुष्कळदा तो विषय काढायला गेले, की तुम्ही तपकिरीची डबी उघडायचात, चिमूट नाकाशी न्यायचात आणि म्हणायचात, "मनू, तुझी पोळी करपून राहिली." पोळी खरोखरच करपलेली असायची.

तुम्हाला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. भेटायला माणसं येतात. गोदाबाईंनी किती मुलींना अक्षरओळख दिली, किती सोसलं, असं बोलतात. ते सगळं खरं आहे आणि मी मान हलवते. पण मला त्यांच्यासारखं शांतपणे बोलता येत नाही, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. त्यामुळे तुम्ही गेलात असं नीट वाटतच नाही. उत्तर शोधायला आतल्या खोलीत गेल्या आहेत आणि आता येतील, असं वाटत राहतं. ओसरीवर कोणी खाकरलं तरी मी मान वर करते.

मी उमरेडहून या घरात आले तेव्हा यांची थोरली बहीण लहानपणीच विधवा झालेली आहे आणि मुलींच्या शाळेत शिकवते, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही केस ठेवले होते याची माझ्या माहेरी जरा कुजबुज झाली होती. मी मराठी सातवी पास होते आणि लग्नानंतर ते विसरून जायचं अशी मनाची तयारी करून आले होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही वाचनालयातून एक जाड पुस्तक पदराआड लपवून आणलंत आणि सासूबाई देवळात गेल्यावर मला अर्धं वाचून दाखवलंत. मग ते मिटून म्हणालात, "आता तू सांग. हा माणूस बरोबर बोलून राहिला की चूक?"

मी म्हटलं, "मी काय सांगणार? तुम्ही सांगा."

"माझं मत मला माहीत आहे. तुझं ऐकायचंय."

त्या दिवसापर्यंत मला कोणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. लग्नाबद्दलही नाही. मला काय वाटतं हे विचारणारं पहिलं माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून तर सहन होत नाही, वन्सं. तिऱ्हाइताने विचारलं नसतं तर मी विसरून गेले असते.

कुसुम तुमच्या बिगरीच्या वर्गात जायला लागली तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं. आत्याचं बोट धरून ती सकाळी निघायची आणि येताना तुमचाच हेल घेऊन बोलायची. त्या वर्गात दुपारच्या खाण्याच्या वेळी काय चालायचं, हे मला नंतर कळलं. तुमच्याकडून नाही, तुमच्यावर आरोप झाले तेव्हा. मोमीनपुऱ्यातल्या विणकराची हमीदा भिंतीकडे तोंड करून खायची. घास घेण्याआधी ती काहीतरी पुटपुटते म्हणून मुली हसायच्या. दुसऱ्या कोणी बाई असत्या तर मुलींना रागावल्या असत्या, नाहीतर हमीदाला वेगळं बसवलं असतं. तुम्ही हमीदाला मधोमध बसवलंत आणि विचारलंत, "काय म्हणतेस ते मोठ्यानं सांग. आम्हाला पण शिकव." मग तो तुमच्या वर्गाचा रिवाजच झाला. प्रत्येक वार एकेकीचा. जिचा वार तिच्या घरी जेवणाआधी जे म्हणतात ते सगळ्यांनी म्हणायचं आणि मग डबे उघडायचे. सोमवारी कोणाच्या घरचा श्लोक, बुधवारी मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईच्या रूथची प्रार्थना, आणि शुक्रवार हमीदाचा.

चार-पाच वर्षांच्या मुली त्या. घरी जाऊन त्यांनी काही सांगितलं नसेल असं नाही. पण लहान मुलींचं कोण लक्ष देऊन ऐकतं? कुसुम एकदा मला म्हणाली होती, "आई, रूथ डोळे मिटून जेवते." मी म्हटलं, "बरं, तू डोळे उघडून जेव." माझंही लक्ष नव्हतं. हे मी नाकारत नाही.

पुढे पितृपक्ष आला. मामंजींची पंचमी त्या वर्षी शुक्रवारी होती. कुसुमला घरीच ठेवलं होतं. सासूबाई आणि मी सोवळ्यात, हे अपसव्य करून पाटावर. तुम्ही मात्र बाहेर ओसरीवर, कारण केस ठेवल्यामुळे बापाच्या श्राद्धाच्या स्वयंपाकघरात तुम्हाला मज्जाव होता. पानं वाढून झाली. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं जागच्या जागी. ब्राह्मणांनी आपोशनाचं पाणी तळहातावर घेतलं, आणि कुसुम माजघराच्या दारातून धावत आली.

"थांबा, थांबा! आज शुक्रवार. आज हमीदाचा वार आहे!"

आणि तिने दोन्ही तळवे पसरून, एकेक अक्षर सुटं करत, बिस्मिल्ला म्हटलं. तुम्हीच शिकवलेलं, त्यामुळे उच्चार इतका स्वच्छ की कोणाला दुसरं काही ऐकू आलं असं म्हणायची सोय राहिली नाही. म्हणून झाल्यावर ती भटजींकडे बघून म्हणाली, "आता तुम्ही म्हणा, आजोबा. मग जेवायचं."

थोरल्या भटजींनी हातातलं पाणी खाली सोडलं आणि ते उठले. त्यांच्या मागे दुसरेही उठले. पानांवरची वाफ तशीच वर जात होती. सासूबाई चुलीपाशी बसल्या आणि ओसरीकडे न बघता म्हणाल्या, "गोदे, तुझ्या बापाचं पान तसंच राहिलं गं."

तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या होतात. चेहरा पांढरा पडला होता. ते तुमचेही वडील होते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात नव्हतं, माझ्याही नाही.

मग सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला ठाऊक होतं? हे शिकवतात म्हणून?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिला काही माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. कोणालाच विचारलं नाही."

ते खरं होतं. त्या एका वाक्याने मी सुटले, आणि तुमचं या घरातलं राहणं संपलं.

श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला दुसरे ब्राह्मण बोलावून पुन्हा केलं. पण त्या शुक्रवारी, सगळे आपापल्या कोपऱ्यात बसले असताना, आपण दोघी परसात भांडी घासत होतो. न जेवता घासायची भांडी. तुमचे हात राखेने भरले होते. मी म्हटलं, "मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"काय विचारायचं होतं?"

"कुसुम माझी मुलगी आहे, वन्सं."

"आणि वर्ग माझा आहे."

"विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

तुम्ही पातेलं उलटं केलंत आणि म्हणालात, "म्हणूनच नाही विचारलं."

त्याचा अर्थ मला कळायला पुष्कळ दिवस लागले. मी हो म्हटलं असतं तर सासूबाईंच्या त्या प्रश्नाला मला खरं उत्तर द्यावं लागलं असतं. तुम्ही या घरची लेक, हाताशी पगार, शाळेजवळ खोली घेऊन राहू शकलात. मी सून. मला उमरेडला पोचवलं असतं आणि कुसुम इथेच राहिली असती. हे सगळं तुम्ही आधीच ताडलं होतंत. माझा संसार तुम्ही वाचवलात, हे मी जाणते. कितीतरी वेळा ओट्याशी उभी असताना ते आठवून मला रडू आलं आहे.

पण माझा होकार तुम्ही परस्पर मोडीत काढलात. मला झेपेल की नाही, हे तुम्ही ठरवलंत. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनीही असंच केलं होतं, आणि तेही माझ्या भल्यासाठीच. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. आज सांगते.

कुसुमला शाळेतून काढलं. वर्षभर मीच तिला घरी शिकवलं. शाळेचे सेक्रेटरी, ते वकीलसाहेब, त्यांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की खाण्याच्या वेळचा प्रकार बंद करा, नाहीतर जागा सोडा. तुम्ही तो बंद केलात, आणि पुढच्याच आठवड्यापासून शुक्रवारी गोष्टीचा तास सुरू केलात! ईदची गोष्ट, नाताळची गोष्ट, पारशांच्या अग्नीची गोष्ट. मला ते कळलं तेव्हा मी हसले, आणि मग चिडले. पुन्हा कोणालाही विचारलं नव्हतं.

सासूबाईंनी मरेपर्यंत तुमच्या हातचं पाणी घेतलं नाही. पण शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी कुसुमच्या हाती देऊन तिला तुमच्या खोलीवर धाडलं होतं. "गोदीला लोणच्याशिवाय घास उतरत नाही," एवढंच म्हणाल्या. तुम्ही ती बरणी किती दिवस पुरवलीत ते मी पाहिलं आहे.

त्या गेल्यावर तुम्ही परत घरी आलात, आणि आपलं भांडण परत सुरू झालं. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच पाहत होते. उन्हाळ्याच्या दुपारी खिडकीला वाळ्याचा पडदा लावून आपण दोघी फरशीवर पडलेल्या असायचो. मी म्हणायची, आईबापांना न सांगता त्यांच्या पोरीच्या मनात काही घालायचा हक्क आपल्याला नाही. तुम्ही कुशीवर वळून म्हणायचात, "रोज सकाळी शाळेत सरस्वतीची प्रार्थना होते. हमीदा हात जोडून म्हणायची ना? तिच्या बापाला विचारायला कोण गेलं होतं? तू गेली होतीस? वकीलसाहेब गेले होते?"

"त्यांनी स्वतः शाळेत घातलं होतं तिला."

"मग कुसुमला तुम्ही काय देवळात घातलं होतं? शाळेतच घातलं होतं ना वं?"

याचं उत्तर मला आठवड्याने कधीतरी पीठ चाळताना सुचलं आणि मी तशीच पिठाच्या हातांनी तुमच्यापाशी आले. "मग दोघांना विचारायचं. हमीदाच्या बापालाही आणि मलाही."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "विचारत बस. तुझ्या विचारण्यात पोरी मोठ्या होऊन जातील. त्यांची लग्नं होतील, आणि आपापल्या पोरींना त्या तेच सांगतील, जे त्यांच्या आयांनी त्यांना सांगितलं. मुसलमान असे आणि किरिस्ताव तसे. पाच वर्षांची पोर ऐकते, मनू. पंधराची झाली की तिचं मत पक्कं झालेलं असतं. काहून वेळ घालवायचा?"

यात तथ्य आहे हे मला तेव्हाही वाटत होतं. तेच तर. तुम्ही चूक असता तर मला इतका त्रास झाला नसता.

शेवटच्या आजारात, दम्याने तुम्हाला आडवं होता येईना, तेव्हा लोडाला टेकून बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, "माझा वर्ग तू घे. वकीलसाहेबांना सांगून ठेवलंय मी."

मी म्हटलं, "पाहा, मला न विचारता सांगूनही टाकलंत."

तुम्हाला हसू आलं आणि हसण्याने खोकला आला. तो ओसरेपर्यंत मी पाठ चोळत होते. मग तुम्ही म्हणालात, "शुक्रवारचा तास सोडू नकोस."

"सोडणार नाही. पण विचारून घेईन. प्रत्येकीच्या घरी जाऊन."

"जा विचारायला. आणि मग मला येऊन सांग काय झालं ते."

ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुमच्या तेराव्याला थोरले भटजी आले होते, तेच. आता त्यांना कमी दिसतं. आपोशनाचं पाणी हातावर घेऊन ते एक क्षण थांबले आणि त्यांनी दाराकडे मान वळवली. कुसुम तिथे उभी होती, आता चांगली उंच झालेली. भटजी म्हणाले, "काय गं, आज कोणाचा वार?" हे आधी खुदकन हसले. मग पाटावरून उठून परसात गेले ते बराच वेळ आले नाहीत. तुमच्याशिवाय, त्यांच्या अक्काशिवाय, यांना इतकं हसवणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर मी वर्ग हाती घेतला. पहिल्या आठवड्यात मुलींनी मला तुमच्या खुर्चीवर बसू दिलं नाही, "ती आमच्या बाईंची आहे," म्हणाल्या. मी अजून सतरंजीवर बसते. आणि शाळा सुटली की कुसुमला बरोबर घेऊन घरोघर जाते. बहुतेक जणी "बाई, तुम्ही जे शिकवाल ते चांगलंच असेल," म्हणून हळदीकुंकू लावून वाटेला लावतात. मी काय विचारलं हेसुद्धा त्या ऐकत नाहीत. अशा होकाराचं काय करायचं, ते मला कळत नाही.

मोमीनपुऱ्यात गेले. हमीदाची धाकटी बहीण जुबेदा आता आपल्या वर्गात आहे. त्यांचे वडील रहीमभाई मागावर होते. आम्ही दारात दिसलो तसा माग थांबला.

"बाई, आप खुद आई? पोरीनं काही केलं काय?"

"नाही, काही केलं नाही. मी विचारायला आले आहे." मग मी त्यांना सांगितलं की सकाळी शाळेत सरस्वतीची प्रार्थना होते, जुबेदाही म्हणते, तुम्हाला ते चालतं का.

आतल्या पडद्यामागची भांड्यांची हालचालही थांबली. मग ते हात जोडून म्हणाले, "बाई, नाम मत काटो उसका."

"नाव कापायला आले नाही मी!"

"वो सब बोलेगी जी. बड़ी भी बोलती थी. कभी ना बोली क्या?"

"तिचं नाही, तुमचं विचारते आहे. तुम्हाला चालतं का?"

"हमको काहून नहीं चलेगा?" ते हसले, पण हात जोडलेलेच होते.

मी जितकं समजावून सांगत होते तितके ते जास्त घाबरत होते. वन्सं, मी ज्याला विचारणं म्हणते ते त्यांना धमकीसारखं ऐकू आलं. त्यांचा होकार घेऊन मी निघाले तेव्हा काहीतरी हिसकावून आणल्यासारखं वाटत होतं. तुम्हाला हे आधीच कळलं होतं का? म्हणून तुम्ही कधी गेला नाहीत? एकदा तरी सांगायचं होतं. की विचारायला तुम्हीही घाबरत होतात?

निघताना आतून दोन संत्री आली, सालीसकट. सोललेली मी खाणार नाही, चहा घेणार नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मला त्यांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चहा घेतला असता की नसता, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. कुसुमने तिथेच पायरीवर बसून संत्रं सोललं आणि अर्धं जुबेदाला दिलं. मी माझं हातात धरून बसले होते. मग मीही सोललं.

आता शेवटचं घर. इतवारीच्या मागच्या गल्लीतल्या गिरजाबाई. त्यांची वच्छी वर्गातली सगळ्यात बोलकी पोर. गिरजाबाई अंगणात चटई टाकून तूर पाखडत होत्या. मी शुक्रवारच्या तासाचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकून घेणाऱ्या त्या पहिल्याच.

"नाही वं बाई," त्या म्हणाल्या. "माह्या पोट्टीले थे नोको शिकवू."

"का, ते विचारू का?"

सूप खाली ठेवलं त्यांनी. "हिंदू-मुसलमानाच्या दंग्यात माह्या भावाचं दुकान जाळलं. कापडाचं. सायकलीवर कापड विकून उभं केलं होतं त्यानं थे. तवापासून तो कोणासंग बोलत नाही. माह्या घरीच असते, मागच्या खोलीत. त्याच्या कानावर वच्छीनं थे बिस्मिल्ला-फिस्मिल्ला घातलं त काय होईन? तुमीच सांगा."

मी म्हटलं, "गोदाबाईंच्या वेळी वच्छीची थोरली बहीण होती वर्गात. तिला या गोष्टी त्यांनी सांगितल्याच असतील."

"सांगितल्या असतीन. मले काय माहीत? गोदाबाईनं मले कधी विचारलं नाही. म्हणून मले बी कधी सांगाले भेटलं नाही, का मागच्या खोलीत काय आहे थे. तुमी विचारलं म्हणून सांगून राहिली." मग म्हणाल्या, "वाईट नोको वाटून घेऊ. बाई चांगल्या होत्या. पर हे माह्यं घर हाय."

हे तुम्हाला सांगायचं होतं, वन्सं. न विचारता तुम्ही तिच्या थोरलीला ईदची गोष्ट सांगितलीत, आणि ती पोर घरी आली तेव्हा मागच्या खोलीत तो माणूस बसलेला होता. ती घरी काय बोलली, काय गिळलं, तुम्हाला कळलं नाही आणि तिच्या आईलाही नाही. तुम्ही त्या पोरीचं भलंच केलं असेल. तिला दोन्हीकडचं ओझं एकटीला उचलायला लावलंत, असंही असेल. मला माहीत नाही. आता तुम्हाला विचारताही येत नाही.

आणि माझंही काही खरं नाही. तुमच्या मागून एकही शुक्रवारचा तास झालेला नाही. वच्छीला बाहेर पाठवून तो घ्यायचा, तर हमीदाला तुम्ही भिंतीकडून मध्ये आणलंत तसं मी वच्छीला मधून भिंतीकडे नेणार. आत ठेवून घ्यायचा, तर मी गिरजाबाईंना विचारलं कशाला? परवा जुबेदाने सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, शुक्रवारची गोष्ट मेली का?" मुली हसल्या. वच्छी सगळ्यात मोठ्यानं हसली. मी पाढे म्हणायला लावले. तुम्ही म्हणाला होतात, विचारण्यात पोरी मोठ्या होऊन जातील. मला त्या डोळ्यांदेखत मोठ्या होताना दिसतात. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं. हे म्हणतात, "अक्का असती तर आतापर्यंत तिनं चार गोष्टी सांगून टाकल्या असत्या." मी म्हणते, हो, सांगितल्या असत्या.

काल शाळा सुटल्यावर मी पुन्हा गिरजाबाईंकडे गेले. या वेळी कुसुमला नेलं नाही. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. गल्लीत वळतानाच त्यांनी मला पाहिलं. "परत आले का, बाई?"

"आले."

"मी नाहीच म्हणीन."

"म्हणा. पण मला त्या दुकानाबद्दल सांगाल का? आणि तुमच्या भावाबद्दल. तुमची मनाई मला नीट समजून घ्यायची आहे. नंतर माझंही थोडं सांगीन. ऐकायचं नसलं तर मध्येच थांबवा."

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत कोणीतरी बाजेवर कूस बदलल्याचा आवाज आला. गिरजाबाईंनी तिकडे एकदा पाहिलं, तुरीचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि चटईवर हाताने जागा झटकली.

"बसा मंग," त्या म्हणाल्या. "पर हळू बोलजा."

मी बसले, वन्सं.